‘मोअर ऑर लेस’, ‘गिव्ह ऑर टेक’, ‘अबाउट’ : साधारण बरोबर असलेली गोष्ट इंग्रजीत कशी सांगायची?

अर्धविराम

इंग्रजी मजकूर तपासताना ‘मोअर ऑर लेस’ जागोजागी भेटतं आणि दर वेळी ते वेगळंच काम करतंय असं वाटतं. तीन नमुने देते:

१. द रिपोर्ट इज मोअर ऑर लेस रेडी.
२. फिफ्टी पीपल केम, मोअर ऑर लेस.
३. ही मोअर ऑर लेस ॲडमिटेड इट.

कोशात ‘कमीअधिक’, ‘थोडेफार’, ‘जवळजवळ’ असे तिन्ही अर्थ एका ओळीत मांडलेले असतात. पहिल्या वाक्याला ‘थोडाफार तयार’ लावलं तर अहवालाला जेमतेम हात लागलाय असं वाटतं. ‘जवळजवळ तयार’ लावलं तर आता फक्त सही राहिली असं वाटतं. यातलं खरं कुठलं?

शिवाय वाक्यात याची जागा कोणती, आकड्यासोबत हेच वापरायचं की ‘अबाउट’ किंवा ‘गिव्ह ऑर टेक’, आणि दरपत्रकात किंवा करारात लिहिलं तर चालतं का, हेही हवं आहे. जाणकारांनी उदाहरणांसकट सांगावं.

---

तळटीप

कराराचं दुसऱ्या कुणावर सोडतो. आधी अर्थ.

‘थोडंफार’ ताबडतोब बाजूला काढा. ‘मला थोडंफार जर्मन येतं’ म्हणणाऱ्याला जर्मन कमीच येतं. उलट ‘आय मोअर ऑर लेस अंडरस्टुड द लेटर’ म्हणणाऱ्याला पत्र बहुतेक सगळं कळलेलं असतं, एखादा तपशील निसटला असेल इतकंच. मराठी शब्दाचा कल ‘कमी’कडे आहे, इंग्रजीचा ‘पुरतं’कडे. ‘थोडंफार’ म्हणायचं असेल तर ‘अ लिटल’, ‘अ बिट ऑफ’ किंवा जरा औपचारिक लिखाणात ‘टु सम एक्स्टेंट’ वापरा.

‘कमीअधिक’ तर त्याहून फसवं, कारण शब्दशः पाहिलं तर तेच बरोबर दिसतं. ‘कमीअधिक प्रमाणात सगळीकडे पाऊस झाला’ म्हणजे कुठे जास्त, कुठे कमी. ‘इट रेन्ड मोअर ऑर लेस एव्हरीव्हेअर’ म्हणजे एखाददुसरी जागा वगळता सगळीकडे पाऊस झाला. किती झाला याबद्दल त्या वाक्यात चकार शब्द नाही. मराठी वाक्याचा अर्थ हवा असेल तर ‘टु व्हेरिइंग डिग्रीज’ किंवा ‘टु अ ग्रेटर ऑर लेसर एक्स्टेंट’ लिहावं लागेल. (दोन्हींचा संकर करून ‘मोअर ऑर लेसर’ लिहिलेलं दिसतं. तसा प्रयोग नाही.) आणि ‘बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा’ यातल्या कमी-जास्तचा तर या प्रयोगाशी सुतराम संबंध नाही.

मग मराठीत जोडीला काय बसतं? क्रियापद किंवा विशेषण असेल तर ‘झाल्यातच जमा’, ‘केल्यासारखंच’, ‘बहुतेक’, ‘जवळजवळ’. तुमची वाक्यं या हिशेबाने अशी होतात : अहवाल तयार झाल्यातच जमा आहे. त्याने ते कबूल केल्यासारखंच होतं. दुसऱ्या वाक्यात आकडा आहे, तिथे मराठीत सरळ ‘पन्नासेक माणसं आली’.

जागेचा नियम सोपा आहे. ‘इज’, ‘वॉज’ यांच्या नंतर. मुख्य क्रियापदाच्या आधी. सहायक क्रियापद असेल तर दोघांच्या मध्ये. म्हणजे ‘वी हॅव मोअर ऑर लेस फिनिश्ड द वर्क’. ‘वी हॅव फिनिश्ड मोअर ऑर लेस द वर्क’ असं क्रियापद आणि कर्म यांच्यात घुसवलं की कानाला खटकतं. वाक्याच्या शेवटी स्वल्पविराम देऊन टाकता येतं : ‘वी हॅव फिनिश्ड द वर्क, मोअर ऑर लेस.’ पण तिथे सूर बदलतो. आधी ठाम विधान करून मग हळूच माघार घेतल्यासारखं होतं, आणि वाचणारा लगेच विचारतो की नेमकं काय राहिलं. काम खरोखर उरकत आलं असेल तर मध्येच ठेवा.

विशेषणांबाबत एक गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच सांगितलेली असते. ज्या विशेषणाला टोक आहे त्याच्याशीच हे छान बसतं : फुल, एम्प्टी, रेडी, फ्लॅट, स्ट्रेट, आयडेंटिकल, इम्पॉसिबल, द सेम. भरलेलं, रिकामं, सपाट, तंतोतंत सारखं, अशक्य. या सगळ्यांना एक शंभर टक्क्यांची अवस्था असते आणि ‘मोअर ऑर लेस’ आपल्याला तिच्या अलीकडे आणून उभं करतं. टॉल, हॉट, एक्स्पेन्सिव्ह यांना असं टोक नाही, त्यामुळे ‘मोअर ऑर लेस टॉल’ ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो. तिथे ‘फेअर्ली’, ‘क्वाइट’, ‘प्रिटी’ घ्या.

नकारार्थी वाक्यात टाळलेलं बरं. ‘आय मोअर ऑर लेस डिडन्ट स्लीप’ ओबडधोबड आहे. ‘आय हार्डली स्लेप्ट’ म्हणा. ‘नेव्हर’ आणि ‘नोबडी’बरोबरही ते अवघडून बसतं, तिथे बोली इंग्रजीत ‘प्रिटी मच नेव्हर’ चालतं, लेखी भाषेत ‘हार्डली एव्हर’, ‘हार्डली एनीवन’.

दोन बारीक मुद्दे. मोजता येणाऱ्या वस्तू असल्या तरी यातलं ‘लेस’ बदलून ‘फ्यूअर’ करायचं नाही. ‘फिफ्टी पीपल, मोअर ऑर फ्यूअर’ हे अतिशुद्धतेच्या हौसेतून आलेलं असतं. हा गोठलेला प्रयोग आहे, क्रमही उलटत नाही. आणि पुढे ‘दॅन’ आलं की तो हा प्रयोगच राहत नाही : ‘डझ इट वे मोअर ऑर लेस दॅन फाइव्ह किलोज?’ हा ‘पाच किलोंपेक्षा जास्त की कमी’ असा साधा तुलनेचा प्रश्न आहे.

उच्चारात ‘ऑर’ जवळजवळ गिळला जातो, ‘मोअरलेस’च्या आसपास ऐकू येतं, आघात ‘लेस’वर. लिहिताना मध्ये जोडरेषा नको.

---

अर्धविराम

‘झाल्यातच जमा’ने बरंच सुटलं, आभार. तिसऱ्या वाक्याबद्दल एक शंका. बैठकीच्या इतिवृत्तात ‘ही मोअर ऑर लेस ॲग्रीड’ असं लिहिलं तर चालेल का?

---

तळटीप

बोलताना चालेल, इतिवृत्तात नको. ‘मोअर ऑर लेस ॲडमिटेड’, ‘मोअर ऑर लेस ॲग्रीड’, ‘मोअर ऑर लेस प्रॉमिस्ड’ या प्रकारात बोलणाऱ्याने ते शब्द उच्चारलेलेच नसतात. तो काहीतरी बोलला आणि ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ लावला. म्हणजे हे वाक्य त्या माणसाबद्दल कमी आणि लिहिणाऱ्याच्या अंदाजाबद्दल जास्त सांगतं. उद्या तो ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणाला तर तुमचं इतिवृत्त त्याच्याच बाजूने साक्ष देईल. संमती सशर्त असेल तर अट लिहा : ‘ही ॲग्रीड, सब्जेक्ट टु’ आणि पुढे ती अट. तत्त्वतः मान्य असेल तर ‘ॲग्रीड इन प्रिन्सिपल’. दोन्हींचे अर्थ ठरलेले आहेत.

---

दशांशचिन्ह

आकड्यांचं मी सांगते. इथे मराठी माणसाच्या चुका ठरावीक असतात.

पहिली चूक ‘ऑलमोस्ट’ आणि ‘अबाउट’ यांची अदलाबदल. आपलं ‘जवळजवळ पन्नास’ अठ्ठेचाळीसलाही चालतं आणि बोलण्याच्या ओघात बावन्नलाही खपून जातं. इंग्रजीत ‘ऑलमोस्ट फिफ्टी’ आणि ‘निअर्ली फिफ्टी’ हे कायम पन्नासच्या खालीच. बावन्न असतील तर ‘ऑलमोस्ट’ चूकच. ‘अबाउट’, ‘अराउंड’, ‘रफली’, ‘अप्रॉक्सिमेटली’ हे दोन्ही बाजूंना मोकळे आहेत. ‘जस्ट ओव्हर फिफ्टी’ म्हणजे पन्नासच्या किंचित वर, ‘जस्ट अंडर’ म्हणजे किंचित खाली.

पन्नासेक, वीसेक यांतल्या ‘एक’ला सगळ्यात जवळचं इंग्रजी म्हणजे ‘ऑर सो’. ते आकडा आणि वस्तू दोन्ही झाल्यावर येतं : ‘फिफ्टी पीपल ऑर सो’. ‘फिफ्टी ऑर सो पीपल’ही रूढ आहे. ‘अ वीक ऑर सो’, ‘अ माइल ऑर सो’ तर अगदी रोजचं.

‘फिफ्टी-ऑड’ दिसायला तसंच, पण अर्थ एकाच बाजूचा : पन्नास आणि वर काही, साठच्या आत. इथे जोडरेषा खाल्ली की ‘फिफ्टी ऑड पीपल’ होतं, म्हणजे पन्नास विचित्र माणसं.

‘सम फिफ्टी पीपल’ हे बातमीच्या भाषेतलं. त्यात ‘सम’वर आघात नसतो, आणि बऱ्याचदा आकडा लक्षणीय आहे अशी छटा असते. ‘सम थ्री पीपल’ म्हणूनच हास्यास्पद वाटतं.

जोडआकडे शब्दशः नेऊ नका. ‘दोन-चार दिवस’चं ‘टू-फोर डेज’ केलं की वाचणाऱ्याला ती तंतोतंत कालमर्यादा वाटते. ‘अ फ्यू डेज’ किंवा ‘टू ऑर थ्री डेज’ लिहा. ‘वीस-पंचवीस’ला ‘ट्वेंटी टु ट्वेंटी-फाइव्ह’ बरोबर. पण त्याच्या आधी ‘अबाउट’ नको, कारण पल्ला दिला म्हणजे अंदाज आहे हे सांगून झालं. ‘अबाउट फॉर्टी ऑर सो’, ‘अराउंड सेव्हन-इश’, ‘अप्रॉक्सिमेटली टेन टु ट्वेल्व्ह’ ही सगळी दुहेरी झाकणं. एक काढा.

आता ‘गिव्ह ऑर टेक’. हे आकड्यानंतर, स्वल्पविराम देऊन येतं आणि ‘मोअर ऑर लेस’ला जमत नाही ते एक काम करतं : फरक किती पडेल हेही सांगतं. ‘टू अवर्स, गिव्ह ऑर टेक टेन मिनिट्स’ म्हणजे एक तास पन्नास मिनिटं ते दोन तास दहा मिनिटं. ‘टू अवर्स, मोअर ऑर लेस टेन मिनिट्स’ असं होत नाही. फरकाचं माप मूळ आकड्याच्या मानाने लहान हवं. ‘टू अवर्स, गिव्ह ऑर टेक ॲन अवर’ व्याकरणाने निर्दोष आहे, पण एक तास ते तीन तास म्हणजे अंदाजच नव्हे. लोक ते हसवण्यासाठी म्हणतात. वाक्य पुढे चालू असेल तर फरकाच्या नंतरही स्वल्पविराम लागतो.

आकडा नसतानाही ते येतं, तेव्हा अर्थ ‘एवढं सोडून’ असा होतो : ‘इट्स द सेम लिस्ट, गिव्ह ऑर टेक अ कपल ऑफ नेम्स’. एक-दोन नावं सोडली तर यादी तीच. क्रियापदाला मात्र ते लावू नका. ‘आय हॅव फिनिश्ड, गिव्ह ऑर टेक’ हे सैल बोलणं झालं. तिथे ‘मोअर ऑर लेस’चंच राज्य.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आकडा आधी गोल करा. ‘अबाउट ४७.३८’ लिहिणारा एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी सांगतो : मला नक्की माहीत नाही, आणि मला दोन दशांश स्थळांपर्यंत माहीत आहे. मोजून ४७.३८ आलं असेल तर ‘अबाउट’ काढा. अंदाज असेल तर ‘अबाउट ४७’, अंदाज ढोबळ असेल तर ‘अबाउट ५०’. गोल आकडा हा स्वतःच अंदाजाची खूण असतो. ‘अ हंड्रेड पीपल’ ऐकून कुणी शंभर डोकी मोजली असं समजत नाही. म्हणूनच नेमके शंभर असतील तर इंग्रजीत ‘एक्झॅक्टली’ जोडावं लागतं. वेळेचंही तेच. ‘अबाउट ट्वेंटी मिनिट्स’ ठीक, ‘अबाउट नाइन्टीन मिनिट्स’ चमत्कारिक.

तांत्रिक लिखाणात दोन प्रयोग सारखे वाटतात आणि सारखे नसतात. ‘टु द निअरेस्ट १०’ म्हणजे दहाच्या पटीत गोल केलेलं : ५० लिहिलं असेल तर खरी किंमत ४५ ते ५५, चूक जास्तीत जास्त ५. ‘टु विदिन १०’ म्हणजे खरी किंमत ४० ते ६०. पल्ला दुप्पट झाला. मोजमापाच्या अहवालात याची गल्लत झाली तर पुढची सगळी गणितं बिघडतात. आणि आराखड्यावर ‘गिव्ह ऑर टेक’ नव्हे, ± हे चिन्ह, एककासह : २० ± ०.५ मिमी म्हणजे १९.५ ते २०.५ मिमी. दोन्ही बाजूंना फरक सारखा नसेल तर वरची आणि खालची मर्यादा वेगळी द्यायची.

---

काठावर पास

म्हणजे ‘मोअर ऑर लेस फिफ्टी पीपल’ असं आकड्याआधी लिहिणं चूक? असं लिहिलेलं सर्रास दिसतं.

---

दशांशचिन्ह

चूक नाही. पण आकड्याआधी ‘अबाउट’ इतकं सहज बसतं की तिथे ‘मोअर ऑर लेस’ जड वाटतं. त्याहून अडचण म्हणजे ते क्रियापदाला चिकटण्याचा धोका. ‘वी मोअर ऑर लेस इन्व्हायटेड फिफ्टी पीपल’ आणि ‘वी इन्व्हायटेड मोअर ऑर लेस फिफ्टी पीपल’ यांत पहिल्याचा अर्थ आमंत्रण दिल्यासारखंच झालं असा होतो, दुसऱ्याचा पन्नासेक जणांना आमंत्रण दिलं असा. शब्द एका घराने सरकला की अर्थ फिरला. आकड्यासाठी वापरायचं तर आकड्यानंतर ठेवा, नाहीतर ‘अबाउट’ घ्या.

---

हुंडीवटाव

करारातल्या वापराबद्दल कुणी लिहिलेलं नाही, तेवढं मी घेतो. थोडं लांबेल, कारण इथे शब्दागणिक पैसे जातात.

इंग्रजी कायद्याची मूळ भूमिका कडक आहे. १९३३ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, ‘आर्कोस विरुद्ध रोनासन’ हा खटला निकालात निघाला. सिमेंटची पिंपं बनवण्यासाठी लाकडी फळ्या घ्यायच्या होत्या, करारात जाडी अर्धा इंच लिहिली होती. आलेल्या बहुतेक फळ्या अर्धा इंच ते ९/१६ इंच या दरम्यान निघाल्या. पिंपं त्यातून उत्तम झाली असती. तरीही खरेदीदाराला सगळा माल नाकारण्याचा हक्क आहे असं ठरलं. लॉर्ड ॲटकिन यांच्या निकालपत्राचा सारांश असा, की टन म्हणजे ‘अबाउट’ टन नव्हे आणि यार्ड म्हणजे ‘अबाउट’ यार्ड नव्हे. विक्रेत्याला सूट हवी असेल तर ती त्याने करारात मागून घ्यावी. बाजारभाव पडलेला असल्याने खरेदीदाराला सौद्यातून सुटायचंच होतं, ही मागची गोष्ट. न्यायालयाने त्याला महत्त्व दिलं नाही. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने ब्रिटनमध्ये हे जरा सैल झालं. खरेदीदार व्यावसायिक असेल आणि फरक नाकारणं अवाजवी ठरावं इतका किरकोळ असेल, तर आता माल नाकारता येत नाही. पण किरकोळ म्हणजे किती, हा वाद उरतोच.

म्हणून करारात ‘मोअर ऑर लेस’ एकटं सोडू नका, टक्का लावा. ‘१००० टन, ५% मोअर ऑर लेस’ लिहिलं की ९५० ते १०५० टन असा पल्ला ठरला. त्यातही एक कच्चा दुवा राहतो : त्या पल्ल्यात नेमकं किती, हे कोण ठरवणार? भाव चढला तर विक्रेता ९५० वर थांबेल, पडला तर १०५० गळ्यात मारेल. म्हणून पुढे ‘ॲट सेलर्स ऑप्शन’ किंवा ‘ॲट बायर्स ऑप्शन’ हे शब्द जोडतात. जहाजभाड्याच्या करारांत याची लघुरूपंच झाली आहेत : ‘मोलू’ म्हणजे ‘मोअर ऑर लेस इन ओनर्स ऑप्शन’, निवड जहाजमालकाची, भाडेकरूची असेल तर ‘मोलचॉप्ट’. बाहेरच्याला वाचून काही बोध होत नाही, पण त्या धंद्यात सगळे हेच लिहितात.

बँकेच्या पतपत्राचे, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचे (ठरलेली कागदपत्रं आली की विक्रेत्याला पैसे देऊ, अशी बँकेची हमी), नियम तर लेखीच आहेत. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची ‘यूसीपी ६००’ ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिच्या ३० व्या कलमानुसार रक्कम, माल किंवा दर यांच्याजवळ ‘अबाउट’ किंवा ‘अप्रॉक्सिमेटली’ असेल तर १०% वर किंवा १०% खाली इतकी सूट धरायची. ठेच लागते ती दोन ठिकाणी.

पहिलं : ज्या आकड्याजवळ शब्द आहे त्यालाच सूट मिळते. माल ‘अबाउट १००० टन’ असेल आणि रकमेपुढे काहीच नसेल, तर ११०० टन पाठवता येतील, पण पैसे मूळ रकमेपर्यंतच मिळतील. वरच्या शंभर टनांचं बिल त्या पतपत्रावर निघणार नाही. सूट दोन्हीकडे हवी असेल तर शब्दही दोन्हीकडे हवा.

दुसरं : आधीच्या ‘यूसीपी ५००’मध्ये ‘अबाउट, अप्रॉक्सिमेटली, सर्का किंवा तत्सम शब्द’ अशी यादी होती. ६०० मध्ये पहिले दोनच ठेवले. त्यामुळे जुन्या सवयीने ‘सर्का’ लिहिणारा, किंवा नुसतं ‘मोअर ऑर लेस’ लिहिणारा, १०% गृहीत धरू शकत नाही.

शब्द नसला तरी त्याच कलमात ५% ची एक सूट आहे, पण ती मालाच्या परिमाणापुरती. अटी दोन : माल नग किंवा पोती-खोकी अशा संख्येत सांगितलेला नसावा, आणि पतपत्रावर उचललेले एकूण पैसे त्याच्या रकमेबाहेर जाऊ नयेत. म्हणजे १००० टन धान्याला ही सूट आहे, १००० पोती धान्याला नाही. माल तोच, एकक बदललं की नियम बदलला.

तारखेचा नियम तिसऱ्या कलमात आहे. ‘ऑन ऑर अबाउट’ १५ तारीख म्हणजे आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून : १० ते २०, एकूण अकरा दिवस. त्याच कलमात महिन्याची ‘बिगिनिंग’ म्हणजे १ ते १०, ‘मिडल’ ११ ते २० आणि ‘एंड’ २१ ते अखेर असंही बांधून दिलंय.

जमिनीच्या इंग्रजी दस्तांत क्षेत्रफळानंतर ‘मोअर ऑर लेस’ लिहायची जुनी रीत आहे. मोजणीतला बारीक फरक ते पोटात घेतं. क्षेत्र ठळकपणे कमी निघालं तर त्या दोन शब्दांच्या आडोशाला राहता येईलच असं नाही.

---

काठावर पास

आधीच्या प्रतिसादात दशांशचिन्ह यांनी ‘इश’चा ओझरता उल्लेख केलाय. तो आणि ‘बॉलपार्क’, ‘क्लोज इनफ’, ‘जस्ट अबाउट’ हेही सांगून टाका कुणीतरी.

---

तळटीप

सगळ्यांत धोकादायक ‘जस्ट अबाउट’. ‘इट्स जस्ट अबाउट फिनिश्ड’ म्हणजे संपतच आलं, इथे ते ‘मोअर ऑर लेस’च्या शेजारचं. पण ‘आय कॅन जस्ट अबाउट सी इट’ म्हणजे मला ते कसंबसं, जेमतेम दिसतंय. विशेषतः ब्रिटिश वापरात हा अर्थ पक्का आहे. ‘आय मोअर ऑर लेस मॅनेज्ड’ म्हणणाऱ्याचं बहुतेक निभावलं, ‘आय जस्ट अबाउट मॅनेज्ड’ म्हणणारा थोडक्यात वाचला.

‘ऑल बट’ मराठी वाचकाला हमखास चकवतं. ‘ऑल बट इम्पॉसिबल’ म्हणजे अशक्यच्या अगदी उंबरठ्यावर. याचा ‘एनीथिंग बट’शी घोटाळा नको, ‘एनीथिंग बट इम्पॉसिबल’ म्हणजे मुळीच अशक्य नाही.

‘बॉलपार्क’ अमेरिकेतलं, बेसबॉलच्या मैदानावरून आलेलं. ‘अ बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, बहुधा खर्चाचा किंवा वेळेचा, आणि तो सहसा मागितला जातो : ‘कॅन यू गिव्ह मी अ बॉलपार्क?’ दिलेला अंदाज बऱ्यापैकी लागू पडत असेल तर ‘यू आर इन द राइट बॉलपार्क’. लेखी दरपत्रकात हा शब्द घालू नका. तिथे ‘एस्टिमेट’ लिहा आणि तो अंदाज कशावर बेतलाय ते खाली नोंदवा.

‘क्लोज इनफ’ आणि ब्रिटिश ‘निअर इनफ’ म्हणजे चालून जाईल इतकं बरोबर. यात मापापेक्षा निर्णय जास्त असतो : फरक आहे हे दिसतंय, पण त्याने अडत नाही. म्हणून स्वतःच्या कामाबद्दल म्हणताना जपून. दुसऱ्याने केलेल्या कामाला ‘क्लोज इनफ’ म्हटलं तर समजूतदारपणा दिसतो, स्वतःच्या कामाला म्हटलं तर टाळाटाळ वाटते. साफ फसलेल्या गोष्टीला उपरोधानेही म्हणतात, ते सुरावरूनच कळतं.

‘नॉट फार ऑफ’, ‘नॉट फार राँग’ ही नकारातून दिलेली शाबासकी. ब्रिटिश माणूस ‘यू आर नॉट फार राँग’ म्हणाला तर तुमचं उत्तर जवळपास बरोबर आहे असं समजा.

‘इश’ बोलण्यापुरतं. ‘सेव्हन-इश’ म्हणजे सातच्या सुमारास. ब्रिटनमध्ये ते सुटंही वापरतात. ‘काम झालं?’ ‘इश.’ मित्राला ठीक आहे, ग्राहकाला नाही.

---

अर्धविराम

‘ऑन ऑर अबाउट’बद्दल शेवटचं विचारते. नोकरीच्या पत्रात रुजू होण्याची तारीख ‘ऑन ऑर अबाउट’ १ जून अशी आहे. तिथेही पाच दिवस आधी, पाच दिवस नंतर असंच धरायचं का?

---

हुंडीवटाव

नाही. तो नियम यूसीपीचा आहे आणि पतपत्रावर ‘हे यूसीपी ६००च्या अधीन आहे’ असं लिहिलेलं असतं म्हणून तिथे लागू होतो. नोकरीच्या पत्राला त्याचा काही आधार नाही. तिथे ‘ऑन ऑर अबाउट’चा अर्थ फक्त ‘त्या तारखेच्या आसपास’ एवढाच, आणि आसपास म्हणजे किती यावर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं बोलतील. उलट टपाली विचारा, इंग्रजीत असं : ‘कुड यू प्लीज कन्फर्म द एक्झॅक्ट जॉइनिंग डेट?’ आधीच्या नोकरीचा राजीनामा उत्तर आल्यावर द्यायला सांगा. पगार कुठल्या तारखेपासून धरणार, तेही त्याच पत्रात लिहून घ्यायला हवं.